दिवा कुणाच्या घरी गेला?

संभाजीनगरच्या बसस्थानकावर वैजापूरच्या गाडीतून उतरताना मंजुषाच्या पोत्याची गाठ सुटली आणि भोपळे फलाटावर पळत सुटले. पळतच सुटले म्हणायचं, कारण वाळलेला भोपळा कागदासारखा हलका असतो आणि त्या दुपारी वाराही खट्याळ होता. एक चहाच्या टपरीकडे गेला, एक पुण्याच्या गाडीखाली शिरला… आणि एक लांब मानेचा, सगळ्यांत देखणा, थेट एका तरुणाच्या पायाशी जाऊन थांबला.

त्याने तो उचलला, कानाशी नेऊन हलवला. आत बिया खुळखुळल्या.

"भाजी लई वाळली हो तुमची."

"भाजी नाहीय ती."

"मग?"

"दिवे आहेत."

त्याने भोपळा उलटा केला, सुलटा केला, एक डोळा मिटून देठाकडून पाहिलं. "यात दिवा कुठंय?"

"अजून आत गेला नाही," मंजुषा म्हणाली आणि स्वतःच दचकली. अनोळखी माणसाशी इतकं बोलायची सवय तिला राहिली नव्हती. खरं सांगायचं तर ओळखीच्या माणसांशीही राहिली नव्हती.

तो हसला. मग पुण्याच्या गाडीखाली वाकून त्याने राहिलेला भोपळाही काढून आणला, शर्टाला ग्रीस लावून घेतलं, आणि पोत्याला अशी गाठ मारली की घरी ती सोडवताना मंजुषाला कात्रीच घ्यावी लागली. त्याचं नाव सुदर्शन. गाव वैजापूरकडचं, राहायला हर्सूलला आणि पुंडलिकनगरच्या रस्त्यावर बल्ब-वायरीचं दुकान.

"दिवा आत घालायची वेळ आली की या," तो म्हणाला. "होल्डर, वायर, बल्ब… सगळं मिळंल. भोपळा सोडून."

मंजुषा पुंडलिकनगरातच गच्चीवरच्या दोन खोल्यांत राहायची. आधी ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. ते सोडून तिने हे दिव्यांचं खूळ डोक्यात घेतलं, तेव्हा आई-वडील तिच्या भावाकडे, सत्यमकडे पुण्याला राहायला गेले होते. सत्यम समंजस होता, म्हणजे त्याने रागावण्याऐवजी मुदत दिली. "एक वर्ष करून बघ. दिव्यांवर पोट भरलं तर राहा तिथं. नाही तर गुपचूप पुण्याला ये, नोकरी बघू." तिने होकार दिला. या शहरात आता तिचं असं कोणीच उरलं नव्हतं, तरी ते सोडायचं तिला नको होतं.

वैजापूरच्या पलीकडे दगडाबाई नावाच्या म्हातारीच्या गोठ्यावर भोपळ्याचे वेल होते. भोपळे वेलावरच वाळू द्यायचे, मग आणून घासायचे, पोखरायचे आणि बारीक ड्रिलने भोकं पाडायची. कुठली भोकं, कशी, हे मंजुषा आधी ठरवत नसे. कडुलिंबाखाली सांडलेलं ऊन, पिठाची चाळणी, मकबऱ्याच्या जाळीतून फरशीवर पडलेली नक्षी, असं काही डोळ्यांत राहायचं आणि हाताला सापडायचं. संध्याकाळी ती जाड पडदे ओढून दिवा लावायची. भिंतींवर, छतावर, तिच्या साडीवर उजेडाचे ठिपके पसरायचे. इतकं सुंदर दिसायचं… आणि "बघ ना" म्हणायला खोलीत कोणी नसायचं.

म्हणून पहिला दिवा तिने सुदर्शनच्या दुकानात नेला. होल्डर बसवायचं निमित्त होतं.

त्याने बटण दाबलं. काउंटरवर, वायरींच्या भेंडोळ्यांवर ठिपके हलत होते. एक त्याच्या गालावर बसला होता. मंजुषाने तो पाहिला आणि नजर वळवली.

"इथंच ठेवा," तो म्हणाला. "बघू कुणी घेतंय का."

दोनच दिवसांत त्याचा फोन आला. "मॅडम, गेला तुमचा भोपळा!"

"खरंच? कुणाच्या घरी गेला?"

"हर्सूलच्या एक बाई आहेत… सत्यशीलाबाई. शाळेतून रिटायर झाल्यात. एकट्याच असतात. म्हणत होत्या, आधी ओट्यापाशी उभ्यानंच जेवायच्या. आता दिव्याजवळ ताट घेऊन बसतात."

मंजुषाने फोन ठेवला. ती स्वतःही ओट्यापाशीच जेवायची. त्या संध्याकाळी तिने ताट वाढलं आणि खाली बसून जेवली. वाटलं, हर्सूलला आणखी कोणीतरी याच वेळी जेवतंय.

मग दिवे जातच राहिले. एक जण म्हणे बाहेर पडताना दिवा लावूनच जायचा, परत आल्यावर घर अंधारं नको म्हणून.

"आणि लाईटबिल?"

"मीपण तेच विचारलं. म्हणाला, येऊ द्या बिल. कुणीतरी वाट बघतंय असं तर वाटतं."

विशाखा नावाच्या नर्सला म्हणे झोप लागत नसे. ती छतावरचे ठिपके मोजत पडायची आणि दर वेळी वेगळीच बेरीज यायची. मंजुषा भोकं पाडताना आता याच माणसांचा विचार करू लागली. ताटावर उजेड पडावा म्हणून खालच्या बाजूला दाट भोकं, विशाखासारख्या जागणाऱ्यांसाठी अगदी मोजकी, डोळ्याला न टोचणारी. पूर्वी तिचे दिवे नुसते सुंदर असायचे. आता त्यांना घर मिळालं होतं. ड्रिल चालवताना ती सत्यशीलाबाईंशी चक्क बोलायची, "बाई, आज भाजी काय केलीत?" कोणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं. ऐकायला कोणी नव्हतं ही त्यातली सोय.

आणि सुदर्शन? दिवा द्यायला गेलं की तो चहा मागवायचा, गिऱ्हाईक ताटकळत ठेवायचा.

"तुमचं लग्न का नाही झालं हो?" एकदा तिने धीर करून विचारलं.

"पोरींच्या घरी दुकानदार चालत न्हाई. नोकरी पायजे, तीपण पुण्याची." त्याने वायरीचं टोक सोलत विचारलं, "अन् तुमचं?"

"मी भोपळे पोखरते."

"मग तर अवघड आहे," तो गंभीरपणे म्हणाला आणि दोघंही इतके हसले की बल्ब घ्यायला आलेला माणूस उगाचच ओशाळला.

वर्ष सरत आलं होतं. सत्यमला काय सांगायचं ते मंजुषाने ठरवलंही होतं. आणि एका सकाळी तिला फळीवरच्या भोपळ्याखाली पिठासारखा भुसा सांडलेला दिसला. कीड! त्या खेपेच्या सगळ्याच भोपळ्यांत असणार, म्हणजे विकलेल्या दिव्यांतही. कडुलिंबाचं तेल वेळेत नाही लावलं, तर साल आतून पोखरली जाऊन एक दिवस त्यांचा चुरा होईल.

"मला सगळ्यांचे पत्ते द्या," तिने फोनवर सांगितलं. "घरोघरी जाऊन तेल लावते."

"तुम्ही कशाला… मी सांगतो ना त्यांना."

"माझे दिवे आहेत ते! निदान सत्यशीलाबाईंचा तरी द्या."

"त्या… गावाला गेल्यात."

मंजुषाला भेटायचंच होतं. इतके दिवस जिच्या सोबतीने जेवली, तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. तेलाची बाटली घेऊन ती संध्याकाळी हर्सूलला गेली. तलावाकडून गार वारा येत होता. किराणा दुकानदार म्हणाला, "रिटायर बाई? अशी कुणी न्हाई इकडं. पण भोपळ्याचे दिवे म्हणताय… ते काय, त्या गल्लीत शेवटचं घर. समदं घर भरलंय नुसतं."

शेवटच्या घराच्या खिडकीतून ठिपके सांडत होते. तिने एकेक दिवा ओळखला. स्वतःच्या हाताने पाडलेली भोकं कोण विसरेल? दार उघडंच होतं. सुदर्शन जमिनीवर बसला होता, पुढ्यात ताट होतं.

त्याचा घास हातातच राहिला.

"सत्यशीलाबाई कुठं आहेत?" मंजुषाने विचारलं. आवाज तिला वाटला होता त्याहून बारीक निघाला.

"पहिला दिवा विकायलाच ठेवला होता," तो उठत म्हणाला. "गिऱ्हाईक आलं, त्यानं हात लावला… अन् माझ्या तोंडातून निघून गेलं, विकलाय म्हणून. मग तुम्ही विचारलं कुणाच्या घरी गेला. माझ्याच घरी, हे म्हणायची हिंमत झाली न्हाई."

"ताट घेऊन बसणाऱ्या बाई?"

"मीच."

"आणि दिवा लावून बाहेर जाणारा?"

त्याने वर्गात हजेरी द्यावी तसा हात जरासा वर केला.

तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "वर्षभर मी समजत होते की माझं काम लोकांना हवंय. ती माणसं… माझी माणसं होती ती, सुदर्शन! एका फटक्यात सगळी गेली."

"माणसं खोटी होती. बाकी काय खोटं न्हवतं."

"उद्या हे सगळे दुकानात आणा. मी तेल लावीन आणि मीच विकायला बसेन. कुणी घेतले तर राहीन, नाही तर पुण्याला जाईन. आणि एकही दिवा तुम्ही घ्यायचा नाही."

रिक्षात बसल्यावर मात्र ती रडली. शहर तेच होतं, पण आता त्यात तिच्या ओळखीचं एकही घर नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात बसू लागली. सुदर्शन मुकाट्याने होल्डर विकायचा, ती दिवे लावून वाट बघायची. लोक यायचे, टकटक वाजवून बघायचे, "भोपळाच हाय का हो खरा?" विचारून निघून जायचे. मग ट्यूबचा स्टार्टर घ्यायला आलेल्या गीताबाई एका दिव्यासमोर थबकल्या.

"केवढ्याला दिला, बाई?"

मंजुषा लगबगीने उठली. "कुठं लावणार, मावशी?"

"संडासच्या बोळीत. लई अंधार आहे तिथं, नातू भ्यायला लागलाय."

सुदर्शनला ठसका लागला. मंजुषा कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. गीताबाईंनी घासाघीस केली, फुटला तर बदलून देणार का विचारलं आणि दिवा काखोटीला मारून गेल्या. खरं गिऱ्हाईक! मग एका रसवंतीवाल्याने दोन नेले. नव्या घरासाठी कुणी नेला, कुणी बहिणीला द्यायला. एकानेही हळवं असं काही सांगितलं नाही, पण पसंत पडला म्हणून घेतला. आठवडा संपता संपता फळी रिकामी झाली. तिने दुकानातूनच सत्यमला फोन केला आणि सांगितलं, "मी नाही येत."

शेवटचा दिवा सुदर्शन खोक्यात भरत होता. त्याचे हात फार सावकाश चालले होते.

"काय झालं? विकले गेले ना सगळे?"

"चांगलंच झालं की." तो चिकटपट्टीचं टोक शोधत राहिला. "कालपण घरी गेलो, कुलूप उघडलं… अन् दारातच उभा राहिलो जरा वेळ. आत जाऊ वाटंना."

मंजुषाला तो अंधार चांगला ठाऊक होता. सुदर्शनवरचा राग धरून ठेवायला तिने मनात जे काही रचलं होतं, ते ढासळलं.

"सत्यशीलाबाई आता कुठं जेवतात?"

"ओट्यापाशी. उभ्यानं." मग खाली बघतच तो म्हणाला, "अजून एक माणूस होतं. त्याचं तुम्हाला सांगितलंच न्हाई. रोज दुकान बंद केलं की तुमच्या गच्चीखाली थांबायचं. वर बघायचं. पडदे ओढलेले असायचे, सगळा अंधार. वाटायचं, झोपल्या असतील… अन् निघून जायचं."

"झोपलेली नसायचे," ती म्हणाली. "आत दिवा लावून बसलेली असायचे. पण कोणी वर यायचंच नाही."

बाहेर खोकं न्यायला आलेला रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. दोघांनाही तो ऐकू आला नाही.

"सुदर्शन, वर्षभर तुझ्या त्या माणसांनी मला सोबत केली," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "त्या बाई, तो बिलाची पर्वा न करणारा, ती विशाखा आणि हा गच्चीखालचा. मला सगळी आवडतात. सगळी एकाच घरात राहतात ना?"

"व्हय," तो कसाबसा म्हणाला.

"मग बरं आहे. मला सामान एकदाच हलवावं लागेल."

सुदर्शनच्या हातातली चिकटपट्टी त्याच्याच बोटांना चिकटली.

"कधी?" त्याने विचारलं.