सांडूमास्तरांची दुसरी टेप

डबा होता, टेप नव्हती.

मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात फौजदार मेघानं पत्र्याची पेटी उघडली. कुलूप शाबूत होतं. आत नीट घडी घातलेलं काळं फडकं, नव्याकोऱ्या डांबरगोळ्या आणि स्पूलटेपचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा. डब्यावर शाईनं ‘सांडू – गिटार’ असं लिहिलेलं. त्याखालची तारीख मात्र ब्लेडनं खरवडलेली.

“टेप गेल्याचं कळलं कसं?”

“रिक्षात, मॅडम,” सांडूमास्तर म्हणाले. अर्धांगवायूनं त्यांच्या डाव्या हाताची बोटं वाकडी झाली होती. “ते रॅपचं गाणं लागलं. मागं माझीच गिटार. तुकडा कापून पुन्ना पुन्ना फिरवलाय.”

“तुमची कॅसेट आली होती ना? तिच्यातून घेतला असेल.”

“नाय. रेकॉर्डिंगला आमी दोनदा वाजवलं. कॅसेटात पयलं आलं. दुसऱ्या वक्ताला सुरवातीलाच बारीक तार तुटली, तर मी जाड तारांवरच निभावलं. जॅझ म्हणा, फंक म्हणा, खरं वाजलं ते तवा. कंपनीला नाय आवडलं, म्हणून टेप मी घरी आणली. तसली एकच हाये. अन् गाण्यात वाजतंय ते तेच.”

“कधीची गोष्ट?”

“पंच्याऐंशी साल. तारीख नाय ध्यानात.”

कोपऱ्यात भाजी चिरत बसलेली त्यांची बायको, चंपाबाई, मान वर न करता म्हणाली, “मंगळवार व्हता.”

“तुम्हाला गाण्यातलं कळतं का, मावशी?”

“मला काय कळतंय.”

त्या गाण्याखाली मूळ गिटारवादक म्हणून नाव होतं शिवराजचं, मास्तरांच्या जुन्या ऑर्केस्ट्राच्या मालकाचं. बारा लाख लोकांनी ते गाणं ऐकलं होतं. मास्तरांची बोटं गेली होती, उरलं होतं ते एवढं एक वाजवणं. तेही आता दुसऱ्याच्या नावावर.

शिवराज घरीच भेटला. आयत्या बिळावरचा नागोबा, पण ऐटीत.

“गाण्याखाली तुमचं नाव कसं?”

“टाकलं त्यांनी. माझ्या ऑर्केस्ट्रात वाजलं, म्हंजी माझंच की. लोकांनी हार घातला, तर काढून फेकू का?”

“मास्तरांच्या घरी शेवटचे कधी गेलात?”

“वीस वर्सं झाली.”

मास्तरांच्या शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. माणूस निर्लज्ज होता, पण चोर नव्हता.

रॅपवाला इंद्रजीत मुकुंदवाडी स्टेशनजवळ राहायचा.

“जुनी कॅसेट मिळाली मॅडम, भंगारात.”

“कॅसेटमध्ये बारीक तार वाजते. तुझ्या गाण्यात वाजत नाही. खरं बोल.”

तो म्हणाला, “टेप कुणी दिली ते नाय सांगणार. शब्द दिलाय.”

“बदल्यात काय दिलंस?”

“काय नाय. अट एकच व्हती, मास्तरांचं नाव यायचं नाय. मग भंगारातल्या त्या कॅसेटवर शिवराजचं छापलेलं व्हतं, तेच टाकलं.”

संध्याकाळी मेघा त्याला घेऊनच मास्तरांच्या घरी आली.

“चोर बाहेरचा नाही,” ती म्हणाली. “किल्लीनं कुलूप उघडलं, परत लावलं. फडक्याची घडी घातली. नव्या डांबरगोळ्या चोर ठेवत नाही मास्तर, घरातली बाई ठेवते. तिला मोबदला नको होता. टेप घरातून जावी आणि तुमचं नाव होऊ नये, एवढंच हवं होतं. डब्यावर खरवडली ती फक्त तारीख. त्या दिवसाचा राग कुणाला? ज्याची तारीख तुम्हाला आठवत नाही, त्याचा वार चाळीस वर्षांनी कुणाला पाठ आहे?”

सगळ्यांनी चंपाबाईकडं पाहिलं.

“आमची रूपाली. दीड वर्साची. तापानं फणफणली व्हती. म्हणलं, आज जाऊ नका. म्हणले, एक डाव वाजवून आलोच. एक डाव वाजलं. मग परत वाजवलं. तवर पोरगी गेली. हे आले, ते टेप घिऊन.”

मास्तर खाली बघत होते.

“चाळीस वर्सं ती पेटी मीच पुसली. हे पोरगं ह्यांचं जुनं वाजवणं मागाया आलं, टेप दिऊन टाकली. वाटलं, सुटले. आता दर रिक्षात वाजती. लिवा मॅडम, माझं नाव लिवा.”

मेघाला लिहवेना. तिला वाटलं, आता तरी हा माणूस रडेल.

मास्तर इंद्रजीतकडं वळले.

“गाण्याखालचं नाव बदलता येतं का रं?”

“येतं, मास्तर.”

“मग माझं टाक.”

चंपाबाई उठली, पायात चपला सरकवल्या आणि दाराबाहेर पडली. कुठं चाललीस, हे विचारायला मास्तर उठले नाहीत.