पिवळ्या दिव्याची शांतता

मिरजेच्या अंत्यसेवा महाविद्यालयात प्रात्यक्षिक दालनाच्या मधोमध एक पलंग होता आणि त्या पलंगावर तात्या निजलेला असे. तात्या म्हणजे रबराचा पुतळा. गेल्या नऊ वर्षांत तो किती वेळा मेला असेल, कुणी मोजलं नव्हतं. दर वर्षी नव्या तुकडीतली मुलं आधी त्याला हसत, मग त्याच्या कानाशी वाकून बोलायला शिकत, आणि दिवाळीच्या सुमारास एखादी मुलगी त्याच्याशी बोलता बोलता खरोखरच रडू लागे. डॉ. हुपरीकर मग समाधानानं म्हणत, "हिला जमलं."

त्या दिवशी त्यांनी तात्याच्या कपाळावर श्रवणदीप बांधला. बोटभर रुंदीची पट्टी, तिच्यातून निघून कानात बसणारी मऊ बोंडी, आणि पट्टीवर गव्हाच्या दाण्याएवढा दिवा.

"हृदय थांबलं. श्वास थांबला. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला. आता मागे काय उरतं?"

"नातेवाईक," मागच्या रांगेतून इरफान सतारमेकर म्हणाला. तो शेवटच्या सत्रातला. नव्या मुलांना हसवायला मुद्दाम येऊन बसायचा. घरी तंबोरे बनायचे, पण या पठ्ठ्याला हे शिकायचं होतं.

"ते उरतातच," डॉक्टर हसले, "पण त्यांच्याआधी उरतं ऐकणं. मेंदूच्या बुंध्याशी ऐकण्याची एक वाट आहे. रक्त थांबल्यावरही ती काही काळ उघडी असते. कुणाची थोडा वेळ, कुणाची बराच. त्याला मी श्रवणशेष म्हणतो. तुम्ही होणार कर्णसेवक. त्या वेळात घरच्यांना धीर द्यायचा, त्यांना बोलतं करायचं, भांडणं होऊ द्यायची नाहीत, हे तुमचं काम."

"पण सर, वाट उघडी आहे हे कळतं कसं?" एका नव्या मुलीनं विचारलं. तिचं नाव तन्वी.

"टिचकीनं. बोंडी कानात अधूनमधून बारीक टिचकी वाजवते. मेंदूतून पडसाद आला की दिवा हिरवा."

"घरच्यांच्या बोलण्याचा पडसाद चालणार नाही?"

"बोलणं पसरट असतं. त्याचा पडसाद धुक्यासारखा येतो, कडा सापडत नाही. टिचकी सुईसारखी. आता नीट ऐक. वाट मिटू लागली की पडसाद क्षीण होतो, दिवा पिवळा होतो. तेव्हा खोलीत पूर्ण शांतता लागते, नाहीतर इतका क्षीण पडसाद ओळखूच येणार नाही. यंत्र टिचक्या जलद करतं, मोठ्या करतं. पडसाद सावरला तर दिवा पुन्हा हिरवा, पुन्हा बोला. नाही सावरला तर दिवा विझतो. तो श्रवणांत. त्याची वेळ नोंदल्याशिवाय देह उचलायचा नाही, असा आता कायदाच आहे. कमलजा, हात दाखव यांना."

इरफानच्याच सत्रातली कमलजा शिरढोणकर पुढे झाली आणि तिनं उजवा तळहात वर केला. दारावरच्या माणसाला हाकलतो तसा नव्हे; झोपलेल्या लेकरापाशी उभं राहून दुसऱ्यांना गप्प करतो तसा. असा हात साऱ्या महाविद्यालयात दुसऱ्या कुणाचा नव्हता. दालन आपोआप शांत झालं.

कमलजा या शिक्षणाकडे वळली ती वडिलांमुळे. मुकुंदबुवा शिरढोणकर कीर्तनकार. आवाज फार मोठा नव्हता, पण पूर्वरंगात हसवून हसवून ते माणसांना असं सैल करत की उत्तररंगातलं आख्यान थेट आत जाऊन बसे. त्यांचं एक आवडतं बोलणं होतं, ते प्रत्येक गावात निघायचं. "मंडळी, डोळ्याला पापणी आहे. तोंडाला ओठ आहेत, ते मिटत नाहीत ही गोष्ट वेगळी. पण कानाला देवानं झाकण का नाही केलं? त्याला स्वतःला तिथून यायचं असतं म्हणून!" मग झांजेचा एक ठोका, आणि सगळा मांडव नामात भिजून जायचा.

छातीच्या दुखण्यानं ते अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी लेकीला जवळ बसवलं. "कमळे, गाणारा थांबतो तिथं कीर्तन संपत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात जे शेवटी राहतं तिथं संपतं. माझ्या कानात शेवटी काय पडतंय ते तू बघ. नाम पडू दे. बाकी तुमच्या नियमात जे काय बसत असेल ते करा."

"पडेल, बाबा. मी स्वतः बघेन."

"शब्द?"

"शब्द."

आणि तिनं तो पाळला. माघातल्या एका दुपारी बुवा गेले, तेव्हा श्रवणदीप तिनं स्वतःच्या हातानं बांधला. आई कानाशी वाकून "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत होती. आवाज कापरा, पण लय बुवांच्याच झांजेची. दिवा बराच वेळ हिरवा राहिला. मग पिवळा झाला. कमलजानं तळहात वर केला. आईनं पदर तोंडाशी धरला आणि नाम गिळून टाकलं. खोलीत इतकी शांतता पसरली की अंगणातल्या चिमण्यांचा दाणे टिपण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. दिवा विझला.

"झालं गं? पोचलं त्यांना?"

"पोचलं, आई. शेवटचा शब्द नामच होता."

आईनं हे तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. बुवांचे जुने झांजवाले डोळे पुसत म्हणाले, "लेकीनं पांग फेडले."

कमलजा महाविद्यालयात परतली त्या आठवड्यात तात्याचा कान फाटला. रबर नऊ वर्षांत थकलं होतं. तात्याला दुरुस्तीला कोल्हापूरला पाठवलं आणि पलंग रिकामा राहिला. तन्वीच्या तुकडीचं प्रात्यक्षिक तर त्याच दिवशी होतं.

"मी झोपते," कमलजा म्हणाली.

तिनं पट्टी बांधून घेतली, बोंडी कानात बसवली. सरावासाठी यंत्रात एक जुनी नोंद भरलेली असे. दिवा आणि टिचक्या त्या नोंदीप्रमाणे चालत. तिनं डोळे मिटले.

थोरला मुलगा झाला इरफान. त्यानं गळा काढला, "अगं आई गं! गेलीस ती गेलीस, दाराचा संकेतशब्द तरी सांगून जायचास! आता रात्रभर आम्ही जिन्यात बसायचं काय?"

कमलजाचे ओठ थरथरले. मेलेल्या माणसाला हसू आवरणं सोपं नसतं. मग तन्वी जवळ आली. ती धाकटी मुलगी झाली होती. ती काही विशेष बोलली नाही. "आई, मी आहे गं. कुंडीतल्या गवती चहाला पाणी घातलंय. तू काळजी करू नकोस." मधूनच एखादी टिचकी वाजे, पण त्या उबदार आवाजापुढे ती जाणवतही नव्हती. कमलजाला वाटलं, असंच झोपून राहावं.

आणि आवाज तुटला.

कुणीतरी हात वर केला असणार. तिला तो दिसला नाही. तिच्यापुरतं एवढंच घडलं की मधल्या मध्ये तो आवाज निघून गेला. पावलं नाहीत, श्वास नाही. फक्त टिचकी. मग दुसरी. मग जवळ जवळ, मोठ्या, पत्र्यावर नख मारावं तशा. ती आवाजाची वाट बघत होती. आत्ता बोलेल, आत्ता बोलेल. कुणी बोललं नाही. टिचक्या थांबल्या.

"श्रवणांत," कुणीतरी म्हणालं. मुलांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

"उठ की गं आता," इरफान म्हणाला. मग हळू आवाजात, "कमलजा? काय झालं?"

ती उठली आणि पट्टी कपाळावर तशीच घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, दिवा हिरव्यावरून थेट विझलाय, असं कधी झालंय का?"

"नाही. शक्यच नाही. पडसाद आधी क्षीण होणार, मग जाणार. पिवळ्यातूनच विझतो."

"आणि पिवळ्यात आपण सगळ्यांना गप्प करतो."

"करावंच लागतं."

"आणि टिचक्या वाजत राहतात. अगदी शेवटचा पडसाद येईपर्यंत."

"अर्थात. तो शेवटचा पडसाद म्हणजेच..." डॉक्टरांचं वाक्य तिथंच राहिलं.

"तो कशाचा पडसाद असतो, सर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. काचा पुसल्या.

"टिचकी बारीक केली तर..." ते म्हणाले आणि स्वतःच मान हलवली. "तर शेवटची टिचकी बारीक असेल, एवढंच. नामाचाच पडसाद घ्यावा तर त्याला कडा नाही. वेळ नेमकी हवी असेल तर त्या क्षणी कानात मोजता येणारं काहीतरी वाजत असायला हवं. वेळ हवी, तर शेवटचा आवाज यंत्राचा."

"आणि वेळ नको असेल तर?"

"तर बोलत राहता येईल. नाम पोचेल. पण केव्हा पोचायचं थांबलं, ते कुणाला कधीच कळणार नाही."

खिडकीबाहेर मुलं डबे उघडून बसली होती. कमलजाला आपलं गाव आठवलं. घरापासून घाटापर्यंत भजन थांबत नसे. लाकडं रचून होईपर्यंत झांजा वाजत. तिला वाटायचं, ते चालणाऱ्यांना धीर यावा म्हणून. ते थांबत नसत, कारण कधी थांबायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांनी मान्य केलं होतं.

"हे यंत्र मी पहिल्यांदा आईला बांधलं," डॉक्टर म्हणाले. "धाकटी बहीण तिच्या कानाशी अंगाई म्हणत होती. आईनंच शिकवलेली. मी हात वर केला. म्हटलं, सुलू, थांब." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "नऊ वर्षांत त्या पलंगावर आमच्यापैकी कुणी झोपलं नाही बघ. सगळे शेजारी उभे राहिलो. तू आईला सांगितलंस?"

"नाही. सांगणारही नाही. पण बाबांना शब्द दिला होता, सर. आईच्या तोंडात नाम होतं. मीच थांबवलं."

डॉक्टरांनी शासनाला कळवलं. कायदा बदलायला वर्ष तरी जाईल, असा निरोप आला. तोवर श्रवणदीपाशिवाय कुणाला कर्णसेवकाचा परवाना मिळणार नव्हता.

चैत्रात कमलजाचं अंतिम प्रात्यक्षिक लागलं. कुपवाड रस्त्यावर बाळगोंडा पाटील नावाचे गृहस्थ सकाळी घरीच वारले होते. परीक्षक म्हणून स्वतः डॉ. हुपरीकर आले. कमलजानं श्रवणदीपाची पेटी उंबऱ्याच्या आत आणून ठेवली आणि उघडलीच नाही. ती पाटलांच्या पत्नीकडे वळली.

"पद्माकाकू, बसा त्यांच्याजवळ. बोला."

"काय बोलू गं?"

"रोज बोलत होता तेच."

पद्माकाकूंनी आधी णमोकार मंत्र म्हटला. मग म्हणाल्या, "अहो, पेरूला यंदा किती फुलं धरलीत बघितलंत का? आता राखण कोण करणार? पोपटांना काठी दाखवायला तुम्हीच लागता." आणि पुन्हा णमोकार. मग वर बघून, "ऐकतायत का गं अजून? त्या यंत्रात कळतं म्हणतात."

"कळत नाही, काकू."

"मग किती वेळ बोलू?"

"थांबू नका."

बोलणं चालू राहिलं. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक, सवयीनं त्यांचा तळहात वर गेला. पद्माकाकू दचकून गप्प झाल्या. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. मग तोच हात त्यांनी उलटा केला, ओंजळीसारखा पुढे धरला. "बोला," ते म्हणाले, "बोला, बाई."

निघायच्या वेळी ते कमलजाला बाजूला घेऊन म्हणाले, "नियमानं विचारतो. श्रवणांताची वेळ?"

"माहीत नाही, सर."

"मलाही नाही. तसंच लिहितो. देह उचलल्याबद्दल जे व्हायचं ते माझ्यावर होऊ दे. पण तुला मी पास करू शकत नाही."

"ठाऊक आहे, सर."

अंत्ययानात पद्माकाकू बोलत राहिल्या. कृष्णाघाटावर बोलत राहिल्या. विद्युतदाहिनीचं दार खाली सरकलं, तरी त्या बंद दाराला सांगत होत्या की काल दुपारचं सार आंबट झालं होतं, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. कुणी हात वर केला नाही.

कमलजा मागे भिंतीशी उभी होती. तिनं घसा साफ केला आणि माघातल्या त्या दुपारी आईच्या तोंडात अडवलेलं नाम हलक्या आवाजात म्हणायला सुरुवात केली. पोचणार नव्हतं. ती म्हणत राहिली.