वरची कडी

आमच्या डब्याला अपडेट येत नाही, ही माझी तक्रार जुनी आहे. डबा म्हणजे घरातले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं असं सगळं साठवून ठेवणारं यंत्र. बुटांच्या खोक्याएवढं, काळं, कपाटावर राउटरशेजारी मांडी ठोकून बसलेलं. विकताना कंपनीनं तोंड भरून सांगितलं होतं की त्याच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे डबा ज्याच्या जोरावर चालतो ती आज्ञावली, दर थोड्या महिन्यांनी सुधारून मिळेल. पैसे हातात पडल्यावर कंपनीनं कानात बोळे घातले.

डबा रखडायचा. फोटो अर्धे उघडायचे, कपाळ दिसायचं आणि हनुवटीची वाट बघत बसावं लागायचं. कंपनीच्या साइटवर गिऱ्हाइकांचा एक कट्टा होता, तिथे माझ्यासारखे शेकडो जण बोटं मोडत होते. एकानं लिहिलं होतं, 'डबा घेतला तेव्हा मुलगी रांगत होती, आता ती माझ्याशी वाद घालते, पण अपडेटचा पत्ता नाही.' मी फोनही करायचो. फोनवरची बाई फार सोशिक होती.

"सर, तुमची तक्रार मी वर पाठवली आहे."

"वर म्हणजे कुठे? देवाकडे?"

ती हसायची आणि पुन्हा तेच सांगायची.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. समोरचा माणूस अक्षर खरंच वाचतोय की अंदाजानं ठोकून देतोय, हे मला लगेच कळतं. त्यामुळे नजर नावाच्या गोष्टीवर माझा आंधळा विश्वास नाही. पण आईचा चष्मा मीच बनवलेला आहे आणि त्या चष्म्यातून तिला दूरचं लख्ख दिसतं, एवढं मी लिहून देईन.

आई आणि मी, दोघंच राहतो. तिचा उजवा खांदा आधी आखडला, मग डावाही. हात खांद्याच्या वर जात नाहीत. तिचे केस मी विंचरतो, फळीवरची बरणी मी काढून देतो, बाहेरच्या दाराची कडीसुद्धा मीच लावतो. आमच्या घरातल्या सगळ्या कड्या दाराच्या अगदी वरच्या टोकाला आहेत. आधीच्या घरात मी लहानपणी स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं होतं, म्हणून या घरात यायच्या आधीच बाबांनी सुतार बोलावून सगळ्या कड्या वर नेल्या. मला अजूनही टाचा उंचवाव्या लागतात. दादाला लागल्या नसत्या. तो ताडमाड होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही इथे राहायला आलो त्याच संध्याकाळी तो 'येतो जरा' म्हणून बाहेर पडला, तो आलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. बाबा शोधून शोधून थकले आणि पुढे वारले. आई मात्र आजही पानं घेताना एक ताट जास्त काढते आणि मुकाट्यानं परत ठेवते.

त्या दिवशी दुपारी मावशीनं एक फोटो काढला होता. आता जिथे टीव्ही आहे तिथे ती उभी होती. समोर सोफ्यावर बाबा, आई, आईच्या मांडीवर मी आणि कडेला बसलेला दादा. सोफ्याच्या मागे बाहेरचं दार. दादाचा हा शेवटचा फोटो. मावशीचे जुने फोटो स्कॅन करून मीच डब्यात घातले होते. डब्यातले फोटो टीव्हीवर एकामागून एक लावले की आई याच्यासाठी थांबून असायची.

एका रविवारी टीव्हीच्या कोपऱ्यात पाटी झळकली : नवीन अपडेट उपलब्ध. मी आनंदानं टाळी वाजवली. बटण दाबलं, रेघ हळूहळू भरत गेली, डबा एकदा बंद होऊन परत सुरू झाला. फोटो आता झरझर उघडायला लागले. कंपनीला दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनात मागे घेतल्या.

"बारक्या," आई म्हणाली, "हा कधी उठला?"

फोटोत दादा उभा होता. सोफ्याच्या कडेला, त्याच चौकड्याच्या शर्टात.

मला वाटलं, मावशीनं त्या दिवशी दोन फोटो काढले असतील आणि दुसरा आज वर आला असेल. मी डबा धुंडाळला. फोटो एकच होता, तारीख तीच. मावशीच्या भिंतीवर त्याची छापील प्रत आहे, म्हणून तिच्याकडे गेलो. त्यात दादा बसलेला होता. भिंग लावून बघितलं तरी बसलेलाच. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की मावशीनं विचारलं, "चष्मा विसरलास का?"

भीती वाटली असं म्हणणं खोटं ठरेल. मला चुटपुट लागली. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर भिंगं चढवताना मी त्याच फोटोचा विचार करायचो. डब्यातल्या फोटोची मी वेगळी प्रत काढून ठेवली आणि कंपनीला पुन्हा फोन करायला लागलो. आधी माझा डबा रखडतो म्हणून करायचो, आता पुढचं बघायचं होतं म्हणून. पुढचा अपडेट कधी, एवढाच माझा प्रश्न. उत्तर नेहमीचंच.

पावसाळा गेला, थंडी आली, तेव्हा कुठे दुसरी पाटी आली. मी बटण दाबलं. दादा सोफ्यामागे, चपलांच्या फळीपाशी पोचला होता. आता त्याची आमच्याकडे पाठ होती. काढून ठेवलेली प्रत मात्र होती तशीच होती, तिच्यात तो सोफ्याच्या कडेलाच उभा होता.

मी त्या बाईला फोन लावला आणि आलेल्या अपडेटबद्दल आभार मानले. ती गोंधळली.

"सर, तुमच्या मॉडेलला आम्ही काहीच पाठवलेलं नाही. दोन वर्षं झाली. म्हणून तर सगळे आमच्या नावानं ओरडतायत."

"अहो, मग माझ्या टीव्हीवर येतंय ते काय आहे?"

तिनं माझ्या डब्याचा नंबर पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, "सर, डब्याची नेटची वायर काढून ठेवा. आमच्याकडून नाही आलेलं ते."

मी वायर काढली आणि गुंडाळून खणात ठेवली. तिसरी पाटी तरीही आली.

या वेळी दादा दाराशी होता. उजवा हात वर गेलेला, बोटं वरच्या कडीवर. टाचा जमिनीला टेकलेल्या. मी टीव्हीजवळ जाऊन त्याच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा नीट बघितलं. चित्र इतकं स्वच्छ होतं की शर्टाची शिवण मोजता आली असती.

आईनं माझा हात धरला. "आता पुरे. पुढचं बटण दाबायचं नाही."

"का गं?"

"पुढच्या खेपेला तो जाईल. दाराशी का होईना, घरात आहे ना अजून?"

मी हो म्हटलं. पण मला राहवत नव्हतं, हेही खरं. जाताना तो वळून बघतो का? बाहेर जिन्यात कोणी उभं होतं का? इतकी वर्षं जे कोणालाच सांगता आलं नाही ते एका बटणापलीकडे होतं, आणि आई मध्ये उभी होती. मला तिचा राग आला, मग रागाची लाज वाटली. ती रोज जेवण झालं की टीव्हीसमोर बसायची आणि दादाची पाठ बघायची.

चौथी पाटी आली तेव्हा मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पाटी गेली नाही. कोपऱ्यात तशीच राहिली, दिवसच्या दिवस. तिच्यात या वेळी एक ओळ जास्त होती : हा शेवटचा अपडेट आहे.

रविवारच्या दुपारी आई फोटोसमोर बसली होती. एकाएकी म्हणाली, "पाय दुखत असतील रे त्याचे."

"कोणाचे?"

"किती दिवस उभा ठेवायचा त्याला तिथं? माझ्या हट्टापायी?" तिनं मान खाली वाकवून चष्मा काढला, पदरानं पुसला. "जाऊ दे त्याला. दाब ते बटण. मी नाही बघणार."

ती उठून तिच्या खोलीत गेली. दार नेहमीसारखं अर्धवट उघडं ठेवलं, रात्री-बेरात्री तिची हाक ऐकू यावी म्हणून आम्ही ते कधीच लावत नाही. तिच्या खोलीच्या कडीवर तर रंगाचे इतके थर चढलेत की ती हलते तरी का, मला माहीत नाही. पलंग करकरला. मी सोफ्यावर बसलो आणि बटण दाबलं.

रेघ भरत गेली. डब्याची घरघर थांबली.

फोटो आला. बाबा, आई, मी. दादा नव्हता.

गेला, म्हटलं. वळून न बघता गेला.

मग सवयीनं मी दाराकडे बघितलं. मावशीच्या भिंतीवरच्या फोटोत वरची कडी काढलेली आहे, सामान आत यायचं होतं ना. इथे ती लावलेली होती. आतून. पार शेवटपर्यंत सरकवलेली.

बाहेर गेलेल्या माणसाला आतून कडी लावता येत नाही.

तो दार उघडत नव्हता.

फोटोतलं सोफ्यावरचं कोणीच आता कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. बाबांची मान वळलेली होती, आईचीही. मांडीवरचा मी बोट दाखवून हसत होतो. आम्ही सगळे एकीकडेच बघत होतो, टीव्हीच्या बाजूला, जिथे आईच्या खोलीचं दार आहे.

त्याच सोफ्यावर बसून मी तिकडे बघितलं.

दार बंद होतं.

"आई?"

आतून तिचं हसू ऐकू आलं. हलकं, खूप वर्षांपूर्वीचं. ती कोणाला तरी बस म्हणत होती.

मी दार ढकललं. खालून किंचित हललं, वरून हललं नाही. उंबऱ्यापाशी फरशीवर रंगाचे बारीक कपचे पडले होते.