चित्रातली निवांत बाई

भर उन्हात एक तरुण बहरीनच्या झिंज भागातल्या फ्रेमच्या दुकानात शिरला, तेव्हा अब्बांच्या जागी तस्नीम बसली होती. त्याने जुन्या कॅलेंडरचं एक पान तिच्यापुढे ठेवलं.

जुन्या युरोपातली बैठकीची खोली. रेशमी झग्यातली बाई कोचावर रेललेली, मांडीवरचं भरतकाम घसरलेलं, हातातला पेला निवत चाललेला... आणि समोर बसलेला पुरुष तिच्याकडे नुसता पाहतोय.

“या बाईला काय कामधंदा नाय?”

“सवड हाय तिला,” तो हसला. “माझ्या खोलीत तेवढीच नाय, म्हणून भिंतीवर लावतोय.”

पावतीवर नाव लिहिलं – ओवैस. मग तिथल्या रिवाजाप्रमाणे तिने त्याला कहवा, अरबी कॉफी, दिली. बिनकानाचा तो इवलासा कप, फिंजान, रिकामा झाला की ती भरायची, आणि टाकायचा कसा म्हणून तो प्यायचा. रत्नागिरीहून नुकताच आलेला, त्याला कुठलं ठाऊक! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ती खुदकन हसली.

“पुरे झालं की फिंजान हलवायचा असतो, ओवैसभाई. नायतर मी भरतच राहीन!”

“आधी नाय सांगायचं?”

“मजा येत होती...”

फ्रेम तयार झाली, पण त्याला कधी पट्टी भडक वाटे, कधी काच धुरकट. खोटं बोलण्यात तो अगदीच कच्चा होता आणि तिला तेच आवडू लागलं होतं. ‘भाई’ कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

चित्रातल्या त्या बाईचा तस्नीमला हेवा वाटे. त्या बाईला कुठे जायचं नव्हतं. तस्नीमला मात्र गावी चिपळूणचं स्थळ बघायला येणार होतं, आणि अब्बांनी तिचं गावचं तिकीटही काढलं होतं.

“उद्या माझी फ्लाइट हाय,” शेवटी ती म्हणाली. “फ्रेम आज न्या. खलास.”

तिने कहवा ओतला. तो प्यायला, फिंजान पुढे केला. तिने भरला. त्याने पुन्हा पुढे केला... पुन्हा.

“हलवा ना, ओवैस. शिकवलंय मी.”

“येतंय मला.” त्याचा हात स्थिर होता. “पण माझं पुरे नाय झालं, तस्नीम. तू जाऊ नको... तुझ्या अब्बांना आजच विचारतो. विचारू?”

तिला रडू आलं, हसूही. येईल त्याला उभ्यानेच कहवा द्यायची तिची सवय. आज तिने दुसरा फिंजान काढला, स्वतःसाठी भरला आणि त्याच्यासमोर निवांत बसली.

“अब्बा असरची नमाज पढून येतील,” ती म्हणाली. “तोवर दोघांनीही हलवायचा नाय.”