फारोहून आलेले

वेनमथच्या विमानतळाला धावपट्टी एक, कॅफे एक आणि आगमनाचं दारही एकच. त्या दाराशेजारी, चौकशीच्या टेबलावर, लॉरेन पिडजन एकोणीस वर्षं बसत होती. समुद्रावरून धुकं आलं की विमानं ब्रिस्टलला वळायची आणि लोकांच्या शिव्या लॉरेनला खाव्या लागायच्या.

त्या गुरुवारी अकरालाच धावपट्टी दिसेनाशी झाली. पोर्तुगालमधल्या फारोहून येणारं स्वस्तातलं विमान ब्रिस्टलला वळवल्याचा निरोप आला. त्यात लॉरेनची लेक टॅमसिन होती. जाताना ती दारातून ओरडून गेली होती, "तू मेलीस तरी मला कळवू नकोस!" त्याला तीन आठवडे झाले होते. मधे एक फोन नाही.

लॉरेन घोषणेच्या माइककडे हात नेणार, तोच आगमनाचं दार सरकलं.

माणसं बाहेर येऊ लागली. उन्हानं रापलेली, हसरी. नातेवाईक पुढे धावले, मिठ्या पडल्या. सामानाचा पट्टा फिरलाच नव्हता. एकाच्याही हातात बॅग नव्हती.

"उतरलं वाटतं," दारावरचा क्लाइव म्हणाला. "मला तर आवाज नाही आला बुवा. तुला?"

लॉरेननं मान वळवली. समोर टॅमसिन उभी होती.

"आई, चुकलं गं माझं," म्हणत ती गळ्यातच पडली. कोट ओलाचिंब होता. केसांना कसलाच वास नव्हता. पोरीनं याआधी कधी असं जवळ घेतलं होतं, ते लॉरेनला आठवेना. तिनं घराची किल्ली काढून दिली. "जा, चहा टाक. मी येते चारला."

दहा मिनिटांत सगळा हॉल रिकामा झाला. मग लॉरेननं ब्रिस्टलला फोन लावला. विमान तिथंच उभं होतं. एकशे बारापैकी एकही माणूस अजून खाली उतरलेला नव्हता.

तिनं फोन ठेवला. क्लाइवला काही सांगितलं नाही.

साडेतीनला ब्रिस्टलहून बस आल्या. दमलेली, वैतागलेली माणसं बॅगा ओढत आत शिरली. न्यायला कोणीच नव्हतं. एका म्हाताऱ्यानं घरी फोन लावला. त्याच्या बायकोचा आवाज लॉरेनपर्यंत आला. "हा काय चावटपणा? आमचे हे वर आंघोळ करताहेत!"

म्हातारा पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिला.

सगळ्यांत शेवटी टॅमसिन आली. डोळे सुजलेले, ओठ फुटलेले.

"साधा एक मेसेज टाकवला नाही तुला? तीन तास कोंडून ठेवलं त्या डब्यात. चल, गाडी काढ. आणि भाषण नकोय मला."

तोच आवाज. तोच तुसडेपणा. लॉरेनला ओळखायला क्षणही लागला नाही.

"कोणाला शोधताय आपण?" तिनं विचारलं.

"आई, पुरे हं."

"काहीतरी चूक होतेय तुमची. बस परत ब्रिस्टलला चाललीय. जागा आहे तिच्यात."

टॅमसिन हसली. मग हसू मावळलं.

"आई?"

"क्लाइव, या बाईंना बसपर्यंत सोड."

क्लाइवनं टॅमसिनला लहानपणापासून पाहिलेलं. सकाळच्या तिलाही त्यानं पाहिलं होतं. मान खाली घालून त्यानं तिचा दंड धरला.

घरी चहा तयार होता. मुलीनं कोट अजून काढला नव्हता. खुर्चीखाली पाणी साचलं होतं.

"रडली का गं ती?" तिनं विचारलं.

"नाही."

"पहिल्या दिवशी कोणीच रडत नाही," मुलगी शांतपणे म्हणाली आणि आईच्या कपात साखर ढवळू लागली.