आबांच्या जुन्या फोनवर

"तुमचं तोंड नको, मेंढीचं दाखवा! ...हां, आता शेपटी वर करा. अजून वर!"

सांगलीच्या एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये भर दुपारी हे वाक्य घुमलं आणि आजूबाजूची सगळी टेबलं एकदम गप्प झाली. बोलणारी मुलगी मात्र कुणाकडंच बघत नव्हती. तिच्या फोनवर मेंढीचं अर्धं अंग दिसत होतं, तेही हलायचं थांबलेलं. मग तेही गेलं. क्षणभरानं साधा फोन आला आणि पलीकडचा म्हातारा मेंढपाळ म्हणाला, "ताई, ह्ये आता म्हनतंय, फोन बदला."

"राहू द्या काका, मीच येते उद्या," असं म्हणून उत्कर्षानं फोन टेबलावर जवळजवळ आपटलाच.

"मेंढी बरी आहे ना?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

तिनं वळून बघितलं. निळा शर्ट, किडकिडीत अंग, लांबसडक बोटं. तो हसत नव्हता, पण न हसण्यासाठी त्याला बरेच कष्ट पडत होते.

"मेंढी बरी आहे. तिच्या मालकाचा फोन बरा नाही."

"किती जुना?"

"माझ्या डिग्रीपेक्षा थोडा जुना."

"मग म्हातारा नाही काही," तो तिच्याकडं बघत म्हणाला. "कंपनीनं अपडेट द्यायचं बंद केलं, एवढंच. नवी अँड्रॉइड घालता येते त्याच्यात."

"कंपनी देत नाही, मग कोण देतं?"

"आम्ही."

त्यानं हे इतक्या सहज सांगितलं की उत्कर्षाला हसू आलं. आटपाडीची गाडी लागली होती. ती तिनं सोडली.

उत्कर्षा जनावरांची डॉक्टर. तिचे वडील तात्याबा अजूनही दरसाल दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आटपाडीच्या माळावरून खाली ऊसपट्ट्यात उतरायचे. लेक शिकली, डॉक्टर झाली, आणि मेंढपाळांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागली. संस्थेनं मेंढपाळांना एकाच मॉडेलचे फोन वाटले होते. कळप कुठंही असो, फोनमधल्या ॲपवर जनावर दाखवायचं आणि उत्कर्षानं उपचार सांगायचा. झकास चाललं होतं. मग ॲपची नवी आवृत्ती आली, तिला नवी अँड्रॉइड हवी होती, आणि फोन एकेक करून मुके व्हायला लागले. आजच्याच मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं होतं, की कुणी वापरतच नसेल तर हंगाम संपला की हे काम बंद.

"सगळे फोन एकाच मॉडेलचे?" निळ्या शर्टानं विचारलं. "मग एकाला जमलं की सगळ्यांना जमलं."

त्याचं नाव जयराज. गाव कडेगाव, घरी ऊस, थोरला भाऊ मिलिटरीत. हा सांगलीत कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या फोनांना नवी अँड्रॉइड चढवायचा. त्याच्यासारखी हौशी पोरं जगभर आहेत, म्हणाला. एकजण एक भाग दुरुस्त करतो, दुसरा दुसरा.

"आणि फोन कायमचा बंद पडला तर?"

"पडू शकतो. म्हणून आधी ज्याच्यावाचून अडणार नाही असा फोन आणा."

'नाही पडणार' असं तो म्हणाला नाही, हे उत्कर्षाला आवडलं.

शनिवारी ती त्याच मॉडेलचा आपला जुना फोन घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये गेली. त्यानं फोन वायरीनं लॅपटॉपला जोडला.

"याचं लॉक उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं. फोटो, मेसेज, सगळं. काढून घेतलंय ना?"

"घेतलंय. तसं लपवण्यासारखं काही नव्हतंच."

"अरेरे," जयराज म्हणाला. "काहीतरी असायला पाहिजे हो."

"तुमच्या फोनमध्ये आहे वाटतं?"

"अजून नाही..." तो पडद्याकडंच बघत होता. "जागा मोकळी ठेवलीय."

नवी अँड्रॉइड चढवली की फोन पहिल्यांदा चालू व्हायला बराच वेळ घेतो. एक छोटा गोल पडद्यावर फिरत राहिला. दोघं टेबलाच्या एकाच बाजूला, त्या गोलाकडं बघत. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि कुठूनतरी साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबूस वास येत होता. गोल फिरत होता... त्याचा कोपर तिच्या कोपराला लागला. कुणीच हात काढून घेतला नाही.

आणि पडदा उजळला!

कॅमेरा चालला. ॲप उघडलं. तक्रार न करता उघडलं. उत्कर्षानं आनंदानं टेबलावर थाप मारली. मग दोघांनी एकमेकांना व्हिडिओ कॉल लावला आणि जयराजचा चेहरा पडला. त्याचा आवाज तिला ऐकू येत होता. तिचा त्याला येत नव्हता.

"माइकची भानगड आहे," तो म्हणाला. "वेळ लागेल. पण होईल."

मग रोजच्या चाचण्या सुरू झाल्या. संध्याकाळी जयराज दुरुस्तीची फाइल पाठवायचा, आटपाडीत उत्कर्षा ती फोनात घालायची आणि कॉल लावायची.

"ऐकू येतंय का? मला तुझं नाही येत," तो विचारायचा. 'तुम्ही' कधी गळालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

ती मान हलवायची. मग तो पलीकडं वायरी चाळवत एकटाच बोलत बसायचा. कुठला भाग तपासला, आज वर्गात पोरांनी काय घोळ घातला, खानावळीत वांग्याची भाजी परत कशी आली. आणि त्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर उत्कर्षाही बोलायला लागली. बिनधास्त.

"केस काप जरा. डोळ्यांवर येतात... डोळे चांगले आहेत तुझे."

"काय म्हणालीस?" तो पडद्याजवळ यायचा.

ती मेसेज टाकायची : काही नाही. आवाज नाहीच अजून.

एकदा तो फार दमलेला दिसला. कॉलेजची परीक्षा, वर हे काम. तरी नवी फाइल पाठवून बसला होता. उत्कर्षानं फोन भिंतीला टेकवून ठेवला, हनुवटीखाली हात घेतला आणि निवांत म्हणाली, "तो निळा शर्ट रोज घालत जा. त्यात तू लय देखणा दिसतोस. आणि माइक दुरुस्त झाला की फोन करायचा बंद करशील ना, तर बघ. मी दुसरं काहीतरी मोडून ठेवीन."

जयराजनं खाली आपल्या शर्टाकडं बघितलं. मग वर बघितलं. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"उत्कर्षा..." तो म्हणाला. "आवाज... चालू झालाय."

पळभर तिला वाटलं, फोन बंद करावा, वीज गेली म्हणावं... पण ती तात्याबांची लेक होती. तिनं हनुवटीखालचा हात काढलासुद्धा नाही.

"बरं झालं. परत सांगायला नको."

तो हसला, गडबडला, काहीतरी बोलायला गेला. "मला पण... म्हणजे मला केव्हापासून..."

"बोल की."

"समोर सांगतो," तो म्हणाला. "असं फोनवर नको."

पण समोर भेट होईना. आता खरं काम सुरू झालं होतं, हंगाम संपायच्या आत सगळ्या मेंढपाळांचे फोन चालू करायचं. मेंढपाळ काही फोन घेऊन सांगलीत येणार नव्हते. तेव्हा सुट्टीच्या दिवशी जयराजच लॅपटॉप पाठीला लावून कळपांकडं जायला लागला. आणि फिरत फिरत एक कळप त्याच्याच घरच्या रानात निघाला. ऊस तुटून गेलेल्या त्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. मेंढरं होती तात्याबांची.

"तुझे आबा माझ्या हातात फोन देईनात," त्यानं उत्कर्षाला मेसेज केला. ती त्या दिवशी आटपाडीच्या दवाखान्यात होती. तिनं वडिलांना फोन करून सांगितलं, "आबा, द्या त्याला. माझ्या भरवशाचा माणूस हाय."

दुपारी आबांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. चित्र लख्ख. आवाजही स्वच्छ. तिला वाटलं, दाखवायलाच केला असेल. पण आबांचा चेहरा ओढलेला होता.

"उत्कर्षा, बांडी अडलीया. सकाळपास्नं कळा देतीया, एक पाय भाईर आलाय आन् फुडं काय सरकंना. माजा हात जाड, आत जाईना."

बांडी म्हणजे आबांची सगळ्यात लाडकी मेंढी. उत्कर्षानं पडदा जवळ घेतला. मेंढी आडवी पडून धापा टाकत होती. आटपाडीहून निघून पोचेपर्यंत ती टिकली नसती.

"बारीक हात कुणाचा आहे तिथं?"

आबांनी फोन फिरवला. बांधावर लॅपटॉप मांडीवर घेऊन जयराज बसला होता. त्यानं आपल्या बोटांकडं बघितलं, मग फोनकडं.

"मी?"

"तूच. अंगठी काढ. नखं दाखव... ठीक आहेत. साबणानं कोपरापर्यंत हात धू, मग खोबरेल लाव. आबा, फोन तुम्ही धरा. हलवू नका."

जयराजची आई अंबूबाई गरम पाण्याची बादली घेऊन आल्या आणि पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. जयराज गुडघ्यांवर बसला. तो घाबरलेला होता हे उत्कर्षाला पडद्यावरही दिसत होतं, म्हणून तिनं आवाज अगदी संथ ठेवला.

"काय लागतंय हाताला?"

"एक डोकं... आणि पाय. तीन पाय आहेत उत्कर्षा!"

"मग जुळी आहेत. घाबरू नको. डोकं धर, तिथून मानेवरून खांद्यावर ये. तिथून खाली पायावर. तो पाय पहिल्या कोकराचा. आता परत छातीवरून पलीकडच्या खांद्यावर... सापडला?"

"सापडला. दुमडलाय."

"खूर तळहातात झाक, म्हणजे आत लागणार नाही. सरळ कर. जास्तीचा पाय दुसऱ्याचा, तो हळूच मागं सार. आता तिची कळ येईल तेव्हाच ओढ. तिच्या मागं जा, तिच्यापुढं नको."

जयराजनं डोळे मिटून घेतले होते. कपाळावरून घाम गळत होता. कळ आली... गेली... परत आली. आणि ओलं, काळंभोर पिल्लू त्याच्या हातांत घसरलं.

"नाक पूस! तोंड मोकळं कर!"

पिल्लू शिंकलं. थोड्याच वेळात दुसरंही आलं, जवळपास आपलं आपणच. बांडीनं मान वळवून पहिल्याला चाटायला सुरुवात केली.

आबांच्या हातातला फोन तेव्हा कुठं हलला. त्यांनी तो आपल्या चेहऱ्यासमोर घेतला. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर जनावर पारखायची.

"पोरी," ते म्हणाले, "खरं सांग. ह्यो पोरगा तुजा कोन?"

अंबूबाईंनी पदर खाली केला. जयराज होता तिथंच गोठला.

उत्कर्षानं खुर्चीत पाठ ताठ केली. "आबा, मला त्याच्याशी लगीन करायचंय. त्याला अजून विचारलं न्हाई."

आबांनी फोन जयराजकडं वळवला. "ऐकलंस का रं?"

"ऐकलं मामा."

"कशाचा मामा? सासऱ्याला मामा म्हनत्यात आमच्यात!"

"आमच्यातपण तेच म्हणतात," जयराज म्हणाला. रक्तानं, तेलानं माखलेले हात तसेच पुढं धरून, पण आवाज जराही न कापता.

अंबूबाई बादली उचलून घराकडं निघून गेल्या.

ते पाठमोरं जाणं उत्कर्षानं पडद्यावर बघितलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती कडेगावला आली, तेव्हा रानात न जाता आधी घरी गेली. अंबूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. उत्कर्षा समोर बसली आणि तीही शेंगा फोडायला लागली.

"काकी, मी धनगराची. मेंढरं सोडणार नाही, नोकरीही सोडणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं."

"भावकी इचारंल," अंबूबाई खाली बघतच म्हणाल्या. "कोन, कुठली."

"सांगा, आटपाडीची डॉक्टर."

"लय ताठ हायस."

"हाय. पण खोटी न्हाई."

अंबूबाईंनी आणखी एक शेंग फोडली. मग त्यांनी मूठभर दाणे तिच्या ओंजळीत टाकले.

"माजं पोरगं साधी पाल बगून पळतंय. काल तू बोलत गेलीस आन् त्येनं मेंढी सोडवली. मी बगितलं न्हवं डोळ्यांनी." त्या उठल्या. "मालकांचं मी बगते. भावकीचंबी बगते. जा, रानात हाय त्यो."

उत्कर्षा बांधावरून चालत गेली. पाचट वाळून तांबूस झालं होतं आणि पलीकडच्या फडात अजून तुटायचा ऊस वाऱ्यावर सळसळत होता. आबांनी राखणीवर त्यालाच बसवलं होतं. हातात आबांची काठी. अंगात निळा शर्ट, त्यावर कालचे डाग. तिला बघून तो उभा राहिला.

"मी ठरवलं होतं, आधी तुला सांगायचं, मग घरी," तो म्हणाला. "तू सगळं उलटंच केलंस."

"मग आता समोर आहे की मी. सांग."

"उत्कर्षा, तू..." त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "तू मला आवडतेस. कँटीनमध्ये ओरडलीस ना, तेव्हापासून. मला सगळा जन्म तुझ्यासोबत काढायचाय."

"लग्नाचं विचारतोयस?"

"विचारतोय."

"हो," ती म्हणाली, आणि पुढं होऊन तिनं काठी धरलेल्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला. तो हात कालपासून साबणानं धुऊन धुऊन खरखरीत झाला होता. दोघंही नुसतीच बघत राहिली... इतकी, की बाकी कशाकडं लक्षच राहिलं नाही.

"आवं जावईबापू!" खालच्या बांधावरून आबांची हाक आली. "मेंढरं उसात शिरली की! तुमच्याच!"

जयराज काठी उगारून धावत सुटला, चुकीच्या बाजूला. उत्कर्षानं ओढणी कमरेला खोचली, दोन बोटं तोंडात घालून एक लांब शीळ घातली, आणि हसत हसत त्याच्या मागं पळाली.