लांब्यासाठी सोडलेली जागा

थापा मारायला मला वेळ नाही, आणि भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय. अजून घडतंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

रविवारची दुपार होती. जागा, लाँड्रीच्या वरची खोली.

भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, तिथे गिटार शिकवायचे आणि संध्याकाळी हॉटेलातल्या बँडमध्ये लीड गिटार वाजवायचे. एरवी खालच्या मशिनांनी फरशी थरथरत असते. रविवारी लाँड्री बंद. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

आणि त्या शांततेत लांब्या नव्हता, हे भाऊजींना सोसत नव्हतं.

लांब्या त्यांचा जोडीदार. दुसरा गिटारवाला. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला. त्याचा ॲम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, तेवढा कोपऱ्यात राहिला, वायर गुंडाळलेली.

आता थोडं गिटारचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. स्वीप म्हणजे पिक, ती तार छेडायची छोटी चकती, सगळ्या तारांवरून एका दमात ओढायचा, झाडू मारल्यासारखा. एका तारेवर एक स्वर. स्वर वाजला की बोट लगेच सैल, नाहीतर सगळे एकमेकांत मिसळून नुसता चिखल होतो. बरेच जण तेवढंच करतात, भराभर वर, भराभर खाली, जोर-बैठका काढल्यासारखे. या दोघांची तऱ्हा वेगळी. आयत्या वेळी सुचेल ते वाजवताना भाऊजी स्वीप घेत वर जायचे आणि शेवटचा स्वर मुद्दाम सोडायचे. तो लांब्या वाजवायचा. तोही लोकांना वाटेल तो नाही, त्याच्या शेजारचा, तिरपा. तिथून अख्खा सोलो भलतीकडेच वळायचा.

"तू जिना चढ, दार कुठलं उघडायचं ते माझं मी बघतो," लांब्या म्हणायचा.

त्या दुपारी भाऊजींनी सवयीने स्वीप घेतला. सवयीनेच शेवटचा स्वर सोडला.

आणि तो वाजला...

कोपऱ्यातून.

तिरपा. शेवटी हळूच थरथरणारा. लांब्याचाच.

भाऊजी घाबरले नाहीत हो. ढसाढसा रडले. घरी येऊन ताईला सांगितलं.

ताई म्हणाली, "माणूस पटकन जातो, कानातून जायला वेळ लागतो. जेवून घ्या."

इथेच चुकलं. भाऊजींचं एका स्वरावर भागेना. ते जास्त जागा सोडू लागले. आधी वरची तार, मग तिच्या खालचीही, मग अर्धा स्वीप. शेवटी शेवटी एकच स्वर वाजवून हात मांडीवर ठेवायचे आणि ऐकत बसायचे.

बाकी सगळं कोपरा वाजवायचा.

मग हॉटेलात एकदा त्यांनी पूर्ण स्वीप घेतला.

वरच्या तारा वाजल्याच नाहीत...

तारा हलताना दिसत होत्या. आवाज नव्हता. त्यांनी तारा बदलल्या. गिटार बदलली. दुकानदाराने स्वतः वाजवून पाहिली, अगदी ठणठणीत. "काय राव, उगाच घाबरवता," म्हणत त्याने ती भाऊजींच्या हातात दिली. भाऊजींनी पिक ओढला. दुकानदाराने घेतलेले पैसे परत काउंटरवर ठेवले.

एकदा दिलेली जागा परत घेता येत नव्हती.

थोड्याच दिवसांत, जेवताना, भाऊजी ताईला म्हणाले, "जरा पाणी..."

ओठ पुढेही हलत होते.

"जेवणाबरोबर शब्दही गिळताय का?" ताईने चेष्टा केली. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातला डाव खाली पडला.

डॉक्टर म्हणाले, घसा साफ आहे.

रोज वाक्य आखूड होत गेलं. लिहून दाखवा म्हटलं तर पेन कागदावर चालायचं, पण शाई मधेच थांबायची. पेन बदललं. पेन्सिल दिली. तेच. भाऊजी कागदावर हात आपटायचे, आणि आम्ही नुसते बघत बसायचो. काय करणार?

ताई शेवटी तडक त्या खोलीवर गेली. ॲम्पची वायर गुंडाळलेलीच होती.

त्या ॲम्पच्या आत कुणीतरी बोलत होतं...

भाऊजींचा आवाज. "...आणून दे." मग, "...फार भीती वाटते." मग, "...एकटा सोडू नकोस."

नुसती वाक्यांची शेपटं.

ताईचं डोकंच फिरलं. तिने ॲम्प ओढत जिन्यावरून खाली नेला आणि भंगारवाल्याकडून डोळ्यांदेखत फोडून घेतला. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

काहीही परत आलं नाही. निदान त्या खोक्यात तरी त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आता ते कुठे जातं, कुणास ठाऊक.

हल्ली भाऊजींचा पहिला शब्दही येत नाही. नुसते ओठ हलतात. ताई समोर बसून ओठांकडे बघते आणि अंदाजाने "हो, हो" करते. चहा हवा असेल, पंखा लावायचा असेल. माणसाला वाईट वाटू नये, एवढंच तिच्या मनात.

काल मी तिथेच होतो. भाऊजींचे ओठ बराच वेळ हलले. काहीतरी विचारल्यासारखे थांबले.

"हो," ताई म्हणाली.

भाऊजी दचकले. तिचे दोन्ही हात घट्ट धरून नाही, नाही अशी मान हलवू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणजे त्यांच्या ओठांनी विचारणारे ते नव्हतेच, कोपऱ्यात वाजवणारा होता...



"ताई, तू कशाला हो म्हणालीस?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली. "अरे, मला काय..."

तिचे ओठ पुढेही हलत राहिले. मी तिला परत काही विचारलेलं नाही.